घोडी सापडली, पण मालक कोण?

पुण्यातल्या एका वाचक महिलेचं पत्र, नाव-गाव गाळून आणि थोडक्यात:

‘माझ्याकडे सहा वर्षांची मारवाडी घोडी आहे. कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी रंगाची, आणि पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा. मुलीकडे एक भीमथडी तट्टू आहे. पावसाळा संपला की आम्ही चार-पाच जण रविवारी मुळशीकडच्या डोंगरवाटांनी रपेट करतो, वर्षातून दोनदा मुक्कामीही जातो. गेल्या मार्गशीर्षात सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून जाताना कारवीतून रानकोंबडा फडफडत उठला. घोडी बुजली, मी पडले आणि ती उधळली. माझं मुक्या मारावर निभावलं. घोडी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी खिंडीपलीकडच्या एका धनगरवाड्यावर, त्यांच्या घोड्यांत सापडली. लगाम तुटून पडला होता, खोगीर फिरून पोटाखाली आलं होतं. वाड्यावरच्या लोकांनी तिला आदल्या संध्याकाळीच धरलं होतं. खोगीर उतरवलं, पाणी दाखवलं, आसपासच्या गावांत निरोप धाडले. पण घोडी कोणाची हे कळायला मार्गच नव्हता. माझा फोन खोगिराच्या पिशवीत होता आणि तो बंद पडलेला. शेवटी एका दुधाच्या गाडीवाल्यामुळे गाठ पडली. आता घरात मतभेद आहेत. नवरा म्हणतो, मायक्रोचिप बसव, विषय संपला. पागेचे मालक म्हणतात, मागच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडाचा डाग दे, पूर्वी सगळे देत. मैत्रीण म्हणते, जीपीएस लाव. मला तिला डागायचं नाही. फोन नंबर अंगावर लावला तर चोराला आयता मिळेल अशीही भीती वाटते. आणि खरं सांगायचं तर, इतकी ठळक दिसणारी घोडी, तिला ओळखायला आणखी काय लागतं असंही मनात येतं. मी नेमकं काय करू?’

त्या संध्याकाळी वाड्यावर तुमच्या घोडीसमोर जो माणूस उभा होता, त्याच्यापासून सुरुवात करू. बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणात उतरणाऱ्या आणि परत वर येणाऱ्या समाजातला तो माणूस. त्याला घोडं कळतं. त्याने तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा सोडला, पाणी दाखवलं, आपल्या घोड्यांत नेऊन तिला शांत केलं. त्याच्या खिशात फोनही असणार. त्याला हवे होते फक्त दहा आकडे, आणि ते घोडीवर कुठेच नव्हते.

तुमच्या घरात चिप, डाग आणि जीपीएस यांवरून वाद चालला आहे. या तिन्हींतली एकही गोष्ट त्या माणसाच्या कामाची नव्हती. चिप वाचायचं यंत्र त्याच्याकडे नाही. डागावरची अक्षरं दिसली असती, पण ती कोणाची हे त्याला कोण सांगणार? आणि जीपीएस सांगतो तुम्हाला, त्याला नाही. या वस्तू टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. पण सापडणारी घोडी ज्याच्या हाती लागते त्याचा विचार आधी करा आणि बाकीचं त्यानंतर. म्हणून पहिला खर्च चिपेवर करू नका, नंबराच्या पट्ट्यांवर करा. तो सगळ्यात कमीही आहे.

आधी ‘इतकी ठळक घोडी’ या समजुतीबद्दल. तुमच्या पागेत ती ठळक आहे. पण दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाऊन ‘कुमैत, चारही पाय पांढरे, तोंडावर पट्टा’ एवढंच वर्णन सांगितलं, तर दाखवणारा एकामागून एक घोडी दाखवत राहील. पंचकल्याणी शुभ मानतात, म्हणून लोक अशीच घोडी मुद्दाम शोधून घेतात. त्यात ओढा ओलांडून, चिखल तुडवून रात्र काढलेल्या घोडीचे पांढरे पाय गुडघ्यापर्यंत मातीच्या रंगाचे झालेले असतात. ज्याने तिला कधी पाहिलंच नाही त्याच्यासाठी ती एक तपकिरी घोडी आहे, एवढंच.

आता नंबर कुठे लावायचा. उधळलेल्या घोड्याच्या अंगावरचं सामान एका ठरलेल्या क्रमाने जातं, आणि तुमच्या घोडीच्या बाबतीत तेच झालं. लोंबत्या लगामावर पाय पडतो, डोकं झटकलं जातं आणि लगाम तुटतो. मग घाम आणि धावणं यांनी तंग सैल होतो, खोगीर फिरतं आणि कधी लाथांनी पार निघून जातं. लगामावर नंबर असेल तर तो सगळ्यात आधी हरवणार. म्हणून नंबर निदान तीन ठिकाणी हवा: खोगिरावर, म्होरकीवर (घोडं धरायला-बांधायला तोंडावर घालतात त्या पट्ट्यांवर), आणि सगळं सामान गेलं तरी राहील असा थेट घोडीच्या अंगावर.

खोगिरासाठी स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची सपाट पट्टी करून घ्या. साधारण ७५ मिलिमीटर लांब, २० मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटर जाड, कोपरे गोल घासलेले. सन्मानचिन्हं आणि दारावरच्या पाट्या कोरणारी दुकानं हे काम करून देतात. अक्षरं छापून नकोत, कोरून घ्या. छापलेली अक्षरं घाम आणि घासणं यांनी काही महिन्यांत पुसली जातात. पितळेवर कोरलेल्या अक्षरांत काळा रंग भरून घ्या, नाहीतर पितळ काळवंडलं की वाचता येत नाही. पट्टी खोगिराच्या मागच्या उंच भागावर, बाहेरच्या बाजूने, तांब्याच्या दोन रिव्हेटांनी ठोकून घ्या. लोखंडी रिव्हेट घामाने गंजतात आणि आजूबाजूचं कातडं खातात. आकडे निदान पाच मिलिमीटर उंच हवेत. संध्याकाळच्या उजेडात, हातभर अंतरावरून, चष्मा विसरलेल्या माणसाला ते वाचता आले पाहिजेत. कुत्र्याच्या गळ्यात कडीला लोंबणारी चकती असते तशी इथे लावू नका. कडी झुडपात अडकते, उघडते आणि चकती वाटेत कुठेतरी राहते.

पट्टीवर मजकूर मराठीत असू द्या: ‘हरवलेली घोडी. कृपया फोन करा.’ खाली दोन नंबर. घोडीचं नाव, घराचा पत्ता, वंशावळ यांतलं काही नको, त्याने आकडे बारीक होतात. ‘बक्षीस’ हा शब्द हवा असेल तर घाला, रक्कम घालू नका.

म्होरकी लगामाच्या आतून घातलेली असू द्या. लगाम गेला तरी ती राहते, आणि घोडी धरणाऱ्यालाही हाताला काही लागतं. पण इथे जपायला हवं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक म्होरक्या नायलॉनच्या असतात आणि नायलॉन तुटत नाही. घोडा कानामागे खाजवायला मागचा पाय पुढे आणतो तेव्हा नाल म्होरकीत अडकू शकतो. मग तो तीन पायांवर उभा राहून ओढतो, पडतो, आणि मान किंवा पाय मोडून घेतो. फांदीत अडकली तरी तेच. म्हणून कानांमागून जाणारा पट्टा साध्या कातड्याचा घ्या, जोराचा हिसका बसला की तुटणारा. पूर्ण कातडी म्होरकी महाग वाटली तर नायलॉनच्या म्होरकीचा तेवढाच पट्टा बदलून मिळतो. गालावरच्या पट्टीवर तशीच, पण थोडी छोटी, नंबराची पट्टी ठोका. पागेत किंवा कुरणात परतलात की म्होरकी काढून ठेवा. ती वाटेसाठी आहे, रात्रंदिवस घालायची नाही.

आणि आता आयाळ. लोक नेमकं हेच करत नाहीत, आणि ते करायला पाच मिनिटंही लागत नाहीत. गुरांच्या कानात लावतात तसा प्लास्टिकचा कोरा बिल्ला किंवा प्रवासी बॅगेला लावायची जाड प्लास्टिकची चिठ्ठी घ्या. त्यावर दोन्ही नंबर पक्क्या शाईच्या पेनाने दोन्ही बाजूंनी लिहा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. मानेच्या बुडाशी, खोगिराच्या लगेच पुढे, आयाळीची पेन्सिलीएवढी जाड बट वेगळी करा. केस थोडे ओले करा म्हणजे निसटत नाहीत. मुळापासून दोन बोटं सोडून वेणी घालायला सुरुवात करा, चार-पाच पेडांनंतर बिल्ल्याचं भोक वेणीच्या एका पेडात ओवा, पुढे आणखी चार-पाच पेड घाला आणि टोक दुमडून मेणाच्या दोऱ्याने बांधा. बिल्ला मानेला चिकटून राहील एवढीच लांबी ठेवा. मुळाशी करकचून बांधू नका, घोडी मान घासून ती बट उपटून टाकेल. कानांजवळच्या केसांत लावू नका, तिथे फांद्या लागतात आणि लगामाचा पट्टा घासतो. शेपटीतही नको. शेपूट माश्या हाकलत असते, काट्यांत शिरते, आणि अनोळखी माणसाने घोड्याच्या मागे जाऊन शेपूट हातात घेऊन वाचावं अशी अपेक्षा ठेवणं धोक्याचं आहे. आयाळीचा मोठा गुण असा की बट फांदीत अडकली तर केस तुटतात, घोडी अडकत नाही. भीमथडी तट्टाची आयाळ कापलेली असेल तर त्याला कातडी, तुटणारा गळपट्टा घाला, तीन बोटं आत जातील इतका सैल.

मुक्कामी जाता तेव्हा बिल्ला रात्रीही राहू द्या. तळावर खोगीर, म्होरकी, सगळं उतरवलेलं असतं, आणि अगाडी-पिछाडीची, म्हणजे पुढच्या-मागच्या दोरांची खुंटी मऊ जमिनीतून उपटून घोडं निघून जातं ते तेव्हाच. तळावर आणखी एक जुनी वस्तू वापरा: गळ्यात घंटा. धुक्यात किंवा अंधारात घोडी पन्नास पावलांवर चरत असते आणि माणूस दुसऱ्या दिशेला हाका मारत फिरतो. घंटेने ते टळतं.

नंबर दोन का, ते तुमच्याच पत्रात आहे. तुमचा फोन घोडीसोबत पळाला होता. पट्टीवर फक्त तुमचा नंबर असता, तर त्या माणसाने फोन केल्यावर, चालू असला तर, तो त्याच्यासमोरच्या खोगिराच्या पिशवीत वाजला असता! म्हणून पहिला नंबर अशा माणसाचा, जो रपेटीला येत नाही, रेंजमध्ये असतो आणि अनोळखी नंबर उचलतो. घरातली मोठी माणसं याला उत्तम. दुसरा नंबर तुमचा. आणि तुमचा फोन यापुढे अंगावर, कमरेच्या पिशवीत किंवा जाकिटाच्या बंद खिशात. खोगिरात पाणी ठेवा, खाऊ ठेवा, फोन नको.

याला आणखी एक बाजू आहे आणि माझ्या मते ती घोडीपेक्षाही महत्त्वाची आहे. रिकामं खोगीर घेऊन घोडी वाड्यावर येते तेव्हा डोंगरात कुठेतरी माणूस पडलेला असू शकतो. तुम्ही मुक्या मारावर सुटलात, सोबत माणसं होती. एकटं कोणी मांडी मोडून सड्यावर पडलं असेल, तर घोडीवरची ती पट्टी हाच त्याचा निरोप असतो. खोगिराच्या पट्टीवर एक ओळ जास्तीची घाला: ‘स्वार पडला असेल, लगेच कळवा.’

चोराच्या भीतीबद्दल. घोडी नेणाऱ्या चोराला तुमच्या फोन नंबराचा काही उपयोग नाही. तो पट्टी काढून फेकेल, वेणी कापेल, प्रसंगी आयाळच भादरेल. म्हणजे पट्टी चोरापासून वाचवत नाही, हे खरं. पण नंबर उघडा असल्याने चोरी सोपीही होत नाही. चोरीसाठी वेगळी तयारी लागते, आणि तुमच्या यजमानांची चिप तिथे कामाला येते.

चिप जरूर बसवा, फक्त ती काय करते ते समजून. साधारण १२ मिलिमीटर लांब काचेची बारीक नळी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. तिच्यात बॅटरी नसते, ती कुठेही संदेश पाठवत नाही. रीडर काही सेंटिमीटरवर आणला की ती १५ अंकी क्रमांक सांगते. तुमचं नाव त्यात नसतं. नाव असतं त्या क्रमांकाची नोंद जिथे केली त्या वहीत, आणि नोंदच केली नसेल तर ते १५ अंक मुके आहेत. मारवाडी घोडी रीतसर नोंदवलेली असेल तर तिला आधीच चिप असण्याची शक्यता आहे, म्हणून पहिल्यांदा डॉक्टरांकडून मान तपासून घ्या, दोन्ही बाजूंनी. नसेल तर आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १३४.२ किलोहर्ट्झवर चालणारी चिप मागा, म्हणजे दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांच्या रीडरवरही ती वाचली जाईल. जागा ठरलेली आहे: मानेची डावी बाजू, माथा आणि खांद्याचा उंचवटा यांच्या मध्यावर, आयाळीच्या थोडं खाली, मानेतल्या जाड लिगामेंटमध्ये. तिथे ती सरकत नाही. स्नायूत किंवा नुसती कातडीखाली बसवली तर सरकू शकते, आणि मग नेहमीच्या जागी रीडर फिरवणाऱ्याला ‘चिप नाही’ असं वाटतं. सुई टोचण्याआधी पाकिटातली चिप वाचून बघायची, टोचल्यावर मानेतली वाचायची, आणि दोन्ही क्रमांक जुळले की पाकिटासोबतचा छापील स्टिकर घोडीच्या कागदांवर चिकटवायचा. दरवर्षी लसीकरणाच्या वेळी एकदा वाचून घ्या. फोन नंबर बदलला तर नोंदीतही बदला. हे हमखास राहून जातं.

चिपेचा उपयोग वाद झाला तर होतो. बाजारात कोणी ‘ही माझीच’ म्हणालं, पोलिसांत प्रकरण गेलं, घोडी परजिल्ह्यात विकली गेली, तर आयाळ कापून किंवा डाग रंगवून तो क्रमांक बदलता येत नाही. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीतही रक्ताचा नमुना नेमक्या याच घोडीचा, हे त्या क्रमांकाने पक्कं होतं. त्या रोगात अहवाल बाधित आला तर घोडा ठार करावा लागतो. तिथे नमुन्यांची अदलाबदल कोणाला परवडेल?

डागण्याबद्दल तुमचं मन नको म्हणतंय, ते ऐका. तापलेल्या लोखंडाने कातडी जळते, जखम आक्रसून भरते आणि अक्षरं अनेकदा धड वाचताच येत नाहीत. इतकं सोसून जे मिळतं ते दोन अक्षरांपलीकडे जात नाही. गोठवून डाग देण्याची पद्धत यापेक्षा बरी आहे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत, थंड केलेला तांब्याचा ठसा काही सेकंद टेकवतात. केसाचा रंग बनवणाऱ्या पेशी मरतात आणि त्या जागी पांढरे केस उगवतात. तुमच्या कुमैत घोडीवर तो ठळक दिसेल, पांढऱ्या घोड्यावर नाही. पण सेकंदांचा अंदाज चुकला तर एकतर काहीच उमटत नाही किंवा कायमचं टक्कल पडतं, म्हणून सराव असलेल्या डॉक्टरांशिवाय कोणाकडूनही करून घेऊ नका. वीस-पंचवीस घोडी भाड्याने देणाऱ्याला त्याचा विचार करता येईल. दोन जनावरांसाठी मला त्याची गरज दिसत नाही.

जीपीएसचा सल्ला चांगला आहे, पण सह्याद्रीत त्याची मर्यादा मोठी. यंत्राला स्वतःची जागा उपग्रहांकडून कळते, पण ती तुमच्यापर्यंत पोचते आतल्या सिमकार्डातून. खोऱ्यात टॉवर नसेल तर यंत्राला सगळं ठाऊक आणि तुम्हाला काही नाही. तरीही रेंज असलेली शेवटची जागा कळते आणि शोध कुठून सुरू करायचा ते ठरतं. घेण्यापूर्वी यंत्र पाठपिशवीत टाकून तुमच्या नेहमीच्या वाटेने एकदा पायी फिरा आणि घरी येऊन नकाशावर किती तुकडे गायब आहेत ते बघा. ते खोगिरावर बांधू नका. तुमच्यासारखं खोगीर पोटाखाली फिरलं की यंत्राचं तोंड जमिनीकडे होतं आणि वर घोडीचं अख्खं अंग आडवं येतं. म्होरकीवर, कानांमागे, आकाशाकडे तोंड करून बांधा. किल्लीला लावायच्या ब्लूटूथच्या चकत्या इथे चालणार नाहीत, त्यांना जवळपास इतरांचे फोन लागतात. परदेशातले घोडेस्वार उपग्रहावरून थेट संदेश पाठवणारी यंत्रं वापरतात आणि नातेवाईक ती हौसेने पाठवतात. भारतात परवान्याशिवाय ती बाळगणं बेकायदा आहे, विमानतळावर अडवलं जातं. त्या वाटेला जाऊ नका.

आता एक काम जे फुकट आहे आणि येत्या सुट्टीत होईल: घोडीचा फोटोंचा संच. सकाळच्या उन्हात, सपाट जागी, अंगावर काहीही न ठेवता, धुऊन पुसून उभी करा. कॅमेरा तिच्या पोटाच्या उंचीला धरा. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत पाय आखूड दिसतात आणि पांढऱ्याची उंची कळत नाही. डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, मागून. मग चारही पाय गुडघ्याखाली वेगवेगळे, कारण ‘चारही पांढरे’ म्हणण्यापेक्षा ‘पुढचा डावा फक्त घोट्यापर्यंत, मागचा उजवा गुडघ्याच्या सांध्यापर्यंत, आतून टोकदार’ हे वर्णन दुसऱ्या घोडीला लागू होत नाही. जुने व्रण, खोगिराने पडलेले पांढरे केस, नाकपुड्यांमधला गुलाबी डाग, सगळं जवळून. पुढच्या पायांच्या आतल्या अंगाला गुडघ्याच्या वर केस नसलेला खरखरीत घट्टा असतो. त्याचा आकार प्रत्येक घोड्याचा वेगळा, त्याचाही फोटो हवा. एका फोटोत तुम्ही स्वतः घोडीसोबत. हिवाळ्यात केस दाट होऊन रंग बदलल्यासारखा वाटतो, म्हणून संच वर्षातून दोनदा.

आणि भोवरे, म्हणजे केस गोल फिरून उगवतात त्या जागा. आपल्याकडे घोडी घेताना भोवरे बघतात ते शुभाशुभासाठी. ते तुम्ही माना किंवा न माना, ओळखीसाठी भोवऱ्याइतकी पक्की खूण दुसरी नाही, तो जन्मभर बदलत नाही. दोन डोळ्यांना जोडणारी आडवी रेषा मनात काढा. कपाळावरचा भोवरा त्या रेषेच्या वर आहे, खाली की बरोबर रेषेवर? मध्यावर की डावीकडे? एक की दोन? मग मानेच्या दोन्ही बाजू, छाती, कुशीजवळचे. हे कागदावरच्या आकृतीत मांडा. घोड्यांच्या पासपोर्टमध्ये पांढऱ्या खुणा लाल शाईने आणि भोवरे काळ्या फुलीने दाखवतात, तीच रीत ठेवा. खरेदीची पावती, लसीकरणाची वही, तपासणीचे अहवाल, सगळीकडे एकच वर्णन असू द्या. एकात ‘कुमैत’, दुसऱ्यात ‘लाल’, तिसऱ्यात ‘तपकिरी’ असं असलं की मालकी सिद्ध करताना तेच कागद उलटतात.

खुरांचंही सांगते. नाल बसवल्यावर घोडीला ओल्या मातीवरून चालवा आणि चारही ठशांचा वरून फोटो काढा, शेजारी काडेपेटी ठेवून. नालाचा आकार, खिळ्यांची संख्या, एखादा नाल बाहेरच्या बाजूने झिजलेला, हे ठशात स्पष्ट उमटतं. नालबंदाला सांगून पुढच्या एका नालाच्या बाहेरच्या कडेला छोटी खाच घालून घ्या. मग ओढ्याच्या काठच्या चिखलात वाड्यावरच्या घोड्यांचे वीस ठसे असले तरी तुमचा एकविसावा निवडता येतो. खुरावर पेनाने नंबर लिहिण्याची युक्ती लोक सुचवतात. कोरड्या दिवशी ती चालते, दवाच्या गवतातून एक तास चाललं की पुसते. कोरून लिहिलं तरी खूर महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाच्या आत अक्षरं खाली येऊन तासली जातात.

आणि प्रत्यक्ष घोडी सुटली की? कोणीही तिच्यामागे घोडा दौडवू नये. मागे टापा ऐकू आल्या की ती आणखी पळते, आणि तिच्या पाठोपाठ दुसरं तट्टू उधळतं. सगळे जागच्या जागी थांबा, पडलेल्या माणसाला बघा, उरलेली घोडी शांत चरू द्या. बऱ्याचदा सुटलेलं घोडं सोबत्यांकडे स्वतःच परत येतं. अर्ध्या तासात आलं नाही, तर शेवटचं दिसलेलं ठिकाण फोनवर नोंदवा. एकाने एका घोड्यासह तिथेच थांबायचं, दुसऱ्याने गाडी उभी केली त्या जागी जायचं, कारण घोडं आल्या वाटेने मागे फिरतं किंवा दुसऱ्या घोड्यांकडे आणि पाण्याकडे जातं. तुमची गेली ती धनगरांच्या घोड्यांकडेच. तेव्हा रपेटीला निघण्याआधी त्या पट्ट्यातल्या वाड्यांवर जाऊन ओळख करून ठेवा, नंबर देऊन ठेवा. पोलीस पाटील, दूधवाले, एसटीचे वाहक यांनाही. वनहद्दीत गेली असेल तर वनखात्याचा १९२६, जखमी असेल तर पशुवैद्यकीय सेवेचा १९६२. दुसऱ्या दिवशीही पत्ता नसेल तर ग्रामपंचायतीत कोंडवाड्याची चौकशी करा. १८७१ च्या गुरांच्या कायद्यापासून ‘गुरे’ या शब्दात घोडी, तट्टू, खेचरही येतात, त्यामुळे शेतात शिरलेली घोडी तिथे पोचलेली असू शकते. घरी आणल्यावर दोन आठवडे तिला तुमच्या तट्टापासून वेगळी बांधा आणि रोज ताप आणि नाक बघा. अनोळखी घोड्यांत रात्र काढलेली आहे.

शेवटचं, ज्यांचा नंबर पट्टीवर पहिला आहे त्या घरच्या माणसासाठी एक कागद फोनजवळ चिकटवून ठेवा. फोन आला की त्यांनी या क्रमाने विचारायचं: सोबत माणूस आहे का? खोगीर आहे का, सरळ की फिरलेलं? कुठली वाडी, जवळचं गाव कोणतं? मग सांगायचं: तंग सैल करा, पाणी द्या, धान्य देऊ नका, लगामाने बांधू नका, म्होरकीला दोर लावून बांधा, मागून जाऊ नका. बोलणाऱ्याचं नाव आणि नंबर लिहून घ्यायचा आणि लगेच तुम्हाला फोन करायचा. तुमचा लागला नाही आणि पलीकडचा माणूस ‘नुसती घोडीच आली, माणूस नाही’ असं म्हणाला असेल, तर पुढचा फोन ११२ ला.